जुनी कॉमिक्स टपालाने पाठवताना: पाकीट, पुठ्ठा की खोका?

इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आता दुकानात मिळत नाहीत. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद झाली. तेव्हापासून वेताळ, मँड्रेक आणि बहादूर या तिच्यातल्या नायकांचे अंक हिंडतात ते संग्राहकांच्या घरांमधूनच. नागपूरच्या माणसाला हवा असलेला अंक डोंबिवलीत सापडतो, कोल्हापुरातला जादा अंक बंगळुरूला जातो. जुन्या अमर चित्रकथा आणि चांदोबाचे अंक यांचंही तसंच. अदलाबदल फोनवर ठरते, पैसे लगेच पोचतात, आणि मग प्रश्न उरतो तो अंक तिथे धडपणे पोचवण्याचा.

नवीन माणूस इथे बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो: जमेल तितकं गुंडाळतो. बबल रॅपचे चार वेढे, वर्तमानपत्र, मग ब्राउन टेप. पार्सल जाडजूड होतं, पण आतला अंक वाकायचा तो वाकतोच. कॉमिक ही काचेची वस्तू नाही. आपटल्याने ती फुटत नाही, तिला वाकणं, सरकणं आणि ओल बाधते. त्यामुळे गुबगुबीत आवरणाचा उपयोग कमी आणि ताठ आवरणाचा जास्त. एवढं पक्कं लक्षात ठेवलं की पुढच्या बहुतेक पायऱ्यांचं कारण आपोआप कळतं.

मी अनेक वर्षं जुने अंक मागवते आणि पाठवते. खाली लिहिलेली पद्धत खर्चिक नाही. यातलं बरंचसं सामान घरातच निघतं.

आधी हे जमवा

- बीओपीपीच्या पारदर्शक पिशव्या. साड्या-कपड्यांच्या पॅकिंगला वापरतात त्या
- पांढरं आयव्हरी कार्ड, ३०० जीएसएम किंवा त्याहून जाड
- खोक्याचा सपाट, घडी न पडलेला पुठ्ठा
- मास्किंग टेप आणि दोन इंची ब्राउन टेप
- एखादी मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी
- स्टीलची पट्टी, धारदार कटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा
- लागलाच तर तीन किंवा पाच प्लायचा, म्हणजे तितक्या थरांच्या पुठ्ठ्याचा, खोका

पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत पॅकिंगचं सामान घाऊक भावात मिळतं. वर्षाकाठी दोन-चार पार्सलं पाठवायची असतील तर तिथवर जायची गरज नाही. कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला आणि घरी आलेली ऑनलाइन खरेदीची खोकी पुरतात.

१. अंक तपासा, मोजा, फोटो काढा

पॅकिंगला हात लावण्याआधी अंक स्वच्छ, कोरड्या टेबलावर ठेवा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा, चारही कोपरे आणि मधल्या पानावरच्या पिना, एवढ्यांचे फोटो खिडकीच्या उजेडात काढा. किनाऱ्यालगतच्या घरांतून आलेल्या अंकांच्या पिना बहुधा गंजलेल्या असतात आणि पिनेभोवतीचा कागद कमकुवत झालेला असतो. तसं दिसलं तर समोरच्याला आधीच कळवा. मधलं पान सुटलं ते प्रवासात की आधीपासून, हा वाद मग उद्भवत नाही.

लांबी-रुंदी पट्टीने मोजा. अंदाजावर जाऊ नका. इंद्रजालचा आकार सगळ्या वर्षांत एकच नव्हता, आणि चांदोबा तर कॉमिकपेक्षा वेगळ्याच मापाचा. पिशवी, बोर्ड आणि पुठ्ठा या तिन्हींची मापं अंकाच्या या मापावरून ठरतात.

२. पिशवी: अंकाला लागून राहणारं प्लास्टिक कोणतं

प्लास्टिक दिसायला सारखंच असतं, पण त्यात फरक आहे. कडकडीत, पातळ, वास नसलेली बीओपीपी पिशवी चांगली. मऊ, जाड, दमट वासाचं पीव्हीसी टाळा. वह्यांना घालायची काही तयार कव्हरं या जातीची असतात. त्यांना मऊपणा आणणारं रसायन कालांतराने बाहेर येतं आणि छपाईच्या शाईला चिकटतं. परदेशी संग्राहक मायलर म्हणजे पॉलिएस्टर फिल्मच्या पिशव्या वापरतात. त्या उत्तम असतात, पण महागही असतात. प्रवासापुरती बीओपीपी भरवशाची.

पिशवी अंकापेक्षा रुंदीला जेमतेम एक सेंटीमीटर मोठी हवी. फार घट्ट असली तर अंक आत घालतानाच कोपरे दुमडतात. फार सैल असली तर अंक आत फिरतो.

आता या पायरीतला सगळ्यात मोठा सापळा. या पिशव्यांच्या झाकणाला गोंदाची पट्टी असते. अंक बाहेर काढताना ती उघडी पट्टी मुखपृष्ठाला चिकटते आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदाचा वरचा थर सोलून काढते. हे नुकसान टपालात होत नाही, घेणाऱ्याच्या हातून होतं, तेही तो आनंदाने पाकीट उघडत असताना. यावर उपाय सोपा आहे. गोंदाच्या पट्टीवरचा कागद काढूच नका. झाकण मागे दुमडा आणि मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा. त्या तुकड्याचं एक टोक स्वतःवरच दुमडून ठेवा, म्हणजे नखाने खरवडावं लागत नाही. पिशवी विकत घेताना निवड असेल तर गोंद झाकणावर नसून पिशवीच्या अंगावर असलेली घ्या.

३. आतला बोर्ड

पिशवीत अंकाच्या मागे आयव्हरी कार्ड घाला. ते अंकाहून लांबी-रुंदीला दोन-तीन मिलिमीटर मोठं कापा, म्हणजे धक्का आधी कार्डाच्या कडेला बसतो. एक कार्ड लवचीक वाटलं तर दोन घाला.

बाइंडरकडे मिळणारा करडा किंवा पिवळसर स्ट्रॉ बोर्ड स्वस्त आणि ताठ असतो, पण तो अंकाला थेट लावू नका. त्यात आम्ल असतं आणि ते कागदात उतरतं. घेणारे बरेच जण अंक आलेल्या पिशवीतच वर्षानुवर्षं ठेवतात, म्हणून आतला बोर्ड पांढरा आणि चांगलाच द्यावा. नियमित देवाणघेवाण करणार असाल तर आम्लरहित बॅकिंग बोर्ड ऑनलाइन मागवून ठेवा. जुन्या न्यूजप्रिंटच्या कागदात मुळातच आम्ल असतं, त्यात आपण आणखी भर कशाला घालायची?

४. पुठ्ठ्याची जोडी: खरं काम इथे होतं

खोक्याचा पुठ्ठा जवळून पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक लाटांसारखा कागद असतो आणि त्यामुळे आत बारीक नळ्या तयार होतात. पुठ्ठा या नळ्यांच्या रेषेत सहज वाकतो, आडव्या दिशेला वाकत नाही. म्हणून दोन पुठ्ठे घ्यायचे आणि ते असे कापायचे की एकाच्या नळ्या उभ्या येतील, दुसऱ्याच्या आडव्या. दोन्हीच्या नळ्या एकाच दिशेने राहिल्या तर पुठ्ठे दोन असूनही जोडी त्या रेषेत मोडते, आणि मोडते ती बरोबर अंकाच्या मधोमध.

दोन्ही पुठ्ठे पिशवीतल्या अंकापेक्षा चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर मोठे हवेत. पार्सल कोपऱ्यावर पडतं तेव्हा ही मोकळी पट्टी चेपते आणि अंकाचा कोपरा वाचतो. अंकाच्या अचूक मापाचा पुठ्ठा कापला तर पुठ्ठ्याबरोबर अंकाचाही कोपरा बोथट होतो. पुठ्ठ्यावर जुनी घडी, स्टेपलरची पिन किंवा चिकटलेला गोंद नाही ना, हे आधी हात फिरवून पाहा. एकच बारीक पिन मुखपृष्ठाला भोक पाडायला पुरते.

आता अंक दोन पुठ्ठ्यांमध्ये नुसता ठेवून चालणार नाही, तो सरकतो. त्याला जागेवर धरायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली: जुन्या लिफाफ्याचे चार कोपरे तिरके कापा. त्रिकोणी खिसे तयार होतात. अंकाचे, अर्थात पिशवीत घातलेल्या अंकाचे, चारही कोपरे या खिशांत घाला आणि खिसे खालच्या पुठ्ठ्याला टेपने चिकटवा. फोटोंच्या जुन्या अल्बममध्ये कोपरे लावत तसंच हे. अंकाला कुठेही टेप लागत नाही आणि तो हलतही नाही. एकट्या, मौल्यवान अंकासाठी मी नेहमी हीच पद्धत वापरते.

दुसरी: पिशवीवरून वर आणि खाली मास्किंग टेपची एकेक पट्टी पुठ्ठ्यापर्यंत न्या. हे लवकर होतं. इथे ब्राउन टेप मात्र वापरू नका. ती काढताना पिशवी फाटते आणि घेणारा कात्री घेऊन अंकाजवळ जातो.

वरचा पुठ्ठा ठेवून चारही कडांच्या मध्यावर टेप लावा. ओढून आवळू नका. आवळलेली टेप पुठ्ठ्याच्या कडा आत वाकवते आणि सगळा ताण अंकाच्या कडेवर येतो. सुतळी आणि रबर बँड यांचीही हीच गत.

मग चाचणी घ्या. जोडी दोन्ही हातांत धरून आधी लांबीच्या, मग रुंदीच्या दिशेने हलका जोर द्या. लवली तर आणखी एक पुठ्ठा घाला. उभी धरून हलवा. आत सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा बांधा.

५. बाहेरचं आवरण: किती अंक आहेत त्यावर ठरवा

*एक ते तीन अंक.* पुठ्ठ्याची जोडी आणि त्यावर मजबूत पाकीट पुरतं. पाकीट क्राफ्ट कागदाचं, प्लास्टिकचं किंवा बबलचं, कोणतंही चालेल, कारण ताठपणा आतून आलेला आहे. नुसत्या बबल पाकिटात, पुठ्ठ्याशिवाय, अंक कधीही पाठवू नका. बबल पाकीट मऊ असतं. पोस्टमनच्या गठ्ठ्यात ते दोरीबरोबर वाकतं, बंद दाराच्या ग्रिलमधून आत सारताना गोल होतं. शिवाय बोर्ड नसलेल्या चकचकीत मुखपृष्ठावर दाबाने बबलांचे गोल ठसे उमटतात, ते वेगळंच.

*चार ते बारा अंक.* इथे सपाट खोकं हवं, आणि ते घरी करता येतं. पाच-पाच, सहा-सहा अंकांचा गठ्ठा करा. पिनांमुळे कण्याकडची बाजू जाड होते, म्हणून निम्म्या अंकांचे कणे डावीकडे आणि निम्म्यांचे उजवीकडे ठेवा, म्हणजे गठ्ठा सपाट बसतो. वर-खाली पुठ्ठे लावा आणि सगळ्याला पातळ प्लास्टिकचा वेढा द्या. मग एका लांब पुठ्ठ्याच्या पट्टीने गठ्ठा लांबीच्या बाजूने गुंडाळा आणि दुसरीने रुंदीच्या बाजूने. दोन पट्ट्यांची फुली झाली की सहाही बाजू झाकल्या जातात. कडांशी मोकळी जागा राहील इतपत पट्ट्या रुंद ठेवा आणि त्या जागेत पुठ्ठ्याचे गुंडाळलेले तुकडे बसवा.

*बारापेक्षा जास्त.* आता बाजारातला खोका घ्या, शक्यतो पाच प्लायचा. एकदा वापरलेला चालतो, पण ओल लागून नरम पडलेला किंवा कोपरे चेपलेला नको. खोक्याची बाजू अंगठ्याने दाबून पाहा. खड्डा पडून तसाच राहिला तर तो खोका कामाचा नाही. अंक आडवे, सपाट ठेवा. उभे ठेवले आणि खोका पूर्ण भरलेला नसला तर सगळे अंक एका बाजूला झुकून कण्यातून वाकतात. आडव्या गठ्ठ्यांच्या भोवती, वर आणि खाली दोन-तीन सेंटीमीटर भरणा हवा.

भरण्यासाठी चुरगळलेलं वर्तमानपत्र सगळे वापरतात. ते फुकट असतं, पण प्रवासात दबून निम्मं होतं, ओल धरतं आणि त्याची शाई पसरते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या अकॉर्डियनसारख्या दुमडून कडेने ठासल्या तर त्या दबत नाहीत. कोरा क्राफ्ट कागद घट्ट चुरगळूनही चालतो. थर्मोकोलचे मणी टाळा. ते प्लास्टिकला चिकटतात आणि घेणाऱ्याच्या घरभर पसरतात.

*बांधीव खंड.* काही जण वर्षभराचे अंक बाइंड करून घेत. असा खंड जड असतो आणि सगळं वजन पुठ्ठ्याच्या सांध्यावर येतं. मुखपृष्ठ आणि आतला गठ्ठा यांच्यामधल्या पोकळीत कार्डाची पट्टी घाला. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याची टोपणं करा आणि मगच खोक्यात ठेवा. खंड सपाट झोपवा, कण्यावर उभा करू नका.

*फार दुर्मीळ एकच अंक.* आधी पुठ्ठ्याची जोडी, ती छोट्या खोक्यात, आणि तो खोका भरणा घालून मोठ्या खोक्यात. महाग पडतं, पण पुन्हा न मिळणाऱ्या अंकाला ते शोभतं.

गोल गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घालणं मात्र कोणत्याही अंकाला चालत नाही. माझ्याकडे एकदा वेताळाचे अंक असे आले होते. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण पिनांजवळचा कागद ताणून फाटला होता आणि पानांना आलेला बाक पुढे वजनाखाली ठेवूनही पूर्ण गेला नाही. नळी पोस्टरसाठी असते.

मोठ्या खोक्याचा खर्च आधी काढा

स्पीड पोस्टचं पार्सल असो वा खाजगी कुरिअर, प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त भरेल त्यावर पैसे लागतात. हिशेब साधारण असा: लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि ५००० ने भागा. ३० × २२ × ८ सेंटीमीटरचा खोका १.०६ किलो धरला जातो. तेच अंक घरात हाताशी होता म्हणून ४० × ३० × २० च्या खोक्यात घातले तर ४.८ किलो. म्हणजे हवा भरून पाठवायचे पैसे. शिवाय मोकळ्या जागेत अंक हलतात. खोका मोठा असेल तर कोपऱ्यांवर कटरने उभी चीर देऊन वरच्या बाजू खाली दुमडा आणि त्याची उंची कमी करा. पट्टी धरून दुमडलं तर सरळ घडी येते.

६. पाण्याची तजवीज

जून ते सप्टेंबर हा थर सोडायचाच नाही, आणि इतर महिन्यांतही मी तो सोडत नाही. पार्सल चेन्नईला जाणार असेल तर तिथला मुख्य पाऊस वेगळ्या महिन्यांत येतो.

प्लास्टिकचा थर पुठ्ठ्याच्या बाहेरून, पण सगळ्यात बाहेरच्या खोक्याच्या आतून हवा. फक्त अंकालाच प्लास्टिक असेल तर पुठ्ठा भिजतो, नरम पडतो आणि ताठपणा जातो. म्हणून पुठ्ठ्याची पूर्ण जोडी किंवा पूर्ण गठ्ठा मोठ्या पिशवीत घाला, तोंड दोनदा दुमडा आणि टेप लावा.

पण आतली हवाही कोरडी असली पाहिजे. पावसाळ्यात दमट कपाटातून काढून थेट बंद केलेला अंक स्वतःची ओल बरोबर घेऊन जातो. आदल्या दिवशी अंक पंख्याच्या खोलीत सपाट, वर हलकं वजन ठेवून राहू द्या. उन्हात ठेवू नका, शाई विटते आणि जुना कागद ठिसूळ होतो. सिलिका जेलची पुडी घालायची तर ती गठ्ठ्याच्या बाहेर, भरण्यात. अंकाच्या पिशवीत घातली तर तिचा उंचवटा मुखपृष्ठावर उमटतो. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. तो वास कागदातून जाता जात नाही.

७. टेप आणि पत्ता

खोक्याच्या तळाला आणि झाकणाला टेप इंग्रजी एच अक्षरासारखी लावा: मधल्या फटीवर एक, दोन्ही कडांवर एकेक. टेपचा थरावर थर देऊन पार्सल अभेद्य करू नका. जितकी टेप जास्त, तितकी घेणाऱ्याची सुरी खोल जाते. उघडायची बाजू बाणाने दाखवा आणि ‘कटर खोल घालू नका’ असं लिहा.

पत्ता कागदावर छापून किंवा ठळक लिहून चिकटवा आणि वरून पारदर्शक टेप लावा. भिजल्यावर शाई पसरेल असं पेन नको. पत्त्याची दुसरी प्रत खोक्याच्या आत, सगळ्यात वर ठेवा. बाहेरचं लेबल सुटलं तर तिच्यावरून पार्सल ओळखू येतं. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि दोघांचे मोबाइल नंबर लिहाच.

पिन कोड दोनदा तपासा. १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आलेली ही सहा आकडी पद्धत तयार केली ती टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, आपल्या कोकणातल्या माणसाने. सारख्या नावाची गावं आणि नीट न कळणारे पत्ते यांतून टपाल योग्य जागी जावं यासाठीच ती आहे. वडगाव, पिंपळगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत ते पाहा, म्हणजे एक आकडा चुकला तर काय होईल हे लक्षात येतं.

‘दुमडू नका’ ही सूचना मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजीतही लिहा. पण तिच्यावर विसंबू नका. गठ्ठे बांधणाऱ्याला प्रत्येक पाकीट वाचायला वेळ नसतो. ‘दुर्मीळ’, ‘मौल्यवान’ असं काही बाहेर लिहू नका.

८. टपाल कचेरीत: कोणती सेवा घ्यायची

जुनी माणसं अजून ‘रजिस्टर्ड बुक पोस्टाने टाक’ असं सांगतात. ती सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. तेव्हा आता रोजचा मार्ग म्हणजे स्पीड पोस्ट. पार्सल घेणाऱ्याच्या हातीच द्यावं अशी इच्छा असेल तर नोंदणी किंवा ओटीपीची जादा सेवा काउंटरवर मागा. तिचं शुल्क थोडं असतं.

१ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट नावाची स्वस्त सेवा सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. हे ऐकून नवीन संग्राहक हुरळतो, पण अटी वाचा. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे. ठरावीक काळाने निघणारी प्रकाशनं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं तिच्यात बसत नाहीत, आणि पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. इंद्रजाल आणि चांदोबा ही नियतकालिकं होती, त्यांत जाहिरातीही असत. म्हणून ती ज्ञान पोस्टने पाठवायला जाऊ नका. पुस्तकरूपाने निघालेल्या चित्रकथांसाठी मात्र काउंटरवर आधी विचारून घ्या. ज्ञान पोस्ट रेल्वे-रस्त्याने जातं, त्याला वेळ लागतो, म्हणून पॅकिंगमध्ये कसूर नको.

दुपारच्या गर्दीत जाण्यापेक्षा सकाळी जा. टेप, कात्री, पेन बरोबर घ्या. आत काय आहे असं विचारलं तर ‘जुनी छापील मासिकं’ असं सरळ सांगा. बारकोडचा स्टिकर आणि शिक्का ज्या बाजूला पडणार तिथे आत पुठ्ठा असल्याची खात्री हवी. पातळ पाकिटावर जोरात मारलेल्या शिक्क्याचा वळ आत उमटू शकतो. पाकीट पत्रपेटीत टाकू नका, काउंटरवर द्या. पावती घेतल्यावर तिथेच पत्ता आणि पिन कोड वाचून पाहा. संगणकात आकडा चुकला असेल तर तो त्याच वेळी दुरुस्त होतो.

९. विमा

अंकाची किंमत तुम्हाला झोंबेल इतकी असेल तर विमा घ्या. नुकसानभरपाई मागताना किंमत सिद्ध करावी लागते, आणि छापील किंमत तर पैशांत किंवा मोजक्या रुपयांत असते. म्हणून व्यवहाराचे मेसेज, पैसे दिल्याची नोंद, आधी काढलेले फोटो आणि पॅकिंग करतानाचा एखादा फोटो एका जागी ठेवा. खाजगी कुरिअरच्या पावतीमागे जबाबदारीची मर्यादा बारीक अक्षरांत छापलेली असते, ती सही करण्याआधी वाचा.

१०. परदेशात पाठवायचं असेल तर

अमेरिकेतले, आखातातले मराठी वाचक लहानपणचे अंक मागवतात. त्यासाठी ओळखपत्र लागतं आणि कस्टम्सचा फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘गिफ्ट’ एवढंच लिहू नका. भाषा, प्रकार, संख्या आणि खरी किंमत लिहा, उदाहरणार्थ ‘जुनी छापील मराठी कॉमिक मासिकं, ६ नग’. अमेरिकेसाठीचं टपाल ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सीमाशुल्काच्या बदललेल्या नियमांमुळे थांबलं होतं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणून पैसे घेण्याआधी त्या देशाची सेवा चालू आहे का आणि शुल्क कोणी भरायचं, हे विचारा.

पॅकिंगमध्ये एक फरक करा. कस्टम्समध्ये पार्सल उघडलं जाऊ शकतं आणि उघडणारा ते तुमच्याइतकं काळजीने बांधेलच असं नाही. म्हणून आतला गठ्ठा स्वतंत्रपणे पूर्ण सुरक्षित हवा, बाहेरचा खोका काढून टाकला तरी. वरच्या पिशवीतून अंक दिसतील असं पारदर्शक प्लास्टिक वापरा, म्हणजे आणखी आत कापायची गरज पडत नाही.

११. घेणाऱ्याला कळवा

ट्रॅकिंग नंबर पाठवताना बरोबर चार ओळी लिहा: पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा. खोका चेपलेला किंवा ओला दिसला तर उघडण्याआधी फोटो काढा आणि पोस्टमनलाही दाखवा. टेप कडेने कापा, मधोमध नाही. अंक पिशवीतून काढताना बोर्डासकट काढा, नुसतं पान धरून ओढू नका.

पार्सल दोन दिवस एकाच ठिकाणी अडकलेलं दिसलं तर घाबरू नका. सुट्ट्या आणि पाऊस यांनी तेवढा उशीर होतो. त्याहून जास्त झालं तर इंडिया पोस्टच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक दोघांनीही जपून ठेवा. पावतीची मूळ प्रत, अंक हातात पडून समोरच्याने सगळं ठीक असल्याचं कळवेपर्यंत, फेकू नका.